कॅनडियन नाटक, आधुनिक

कॅनडियन नाटक, आधुनिक : कॅनडामध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, मुख्यतः इंग्रजी व फ्रेंच ह्या दोन भाषांत निर्माण झालेले नाट्यवाङ्‌मय. ह्या देशात नाट्यप्रयोग होत आले ते सतराव्या शतकाच्या आरंभापासून. परंतु कॅनडियन लेखकाने लिहिलेले, कॅनडियन जीवनाविषयीचे आणि तेथील प्रेक्षकांच्या रोजच्या बोलीतले नाटक व्यावसायिक रंगमंचावर नियमितपणे दिसू लागले, ते साधारणतः १९६७ नंतर. प्रथम नाट्यगृहे उभी राहिली, नंतर नट व दिग्दर्शक तयार झाले आणि नाटककार सर्वांत शेवटी आला, असा येथील क्रम आहे. त्यामुळे तयार रंगमंचावर कोणी बोलावे, कोणत्या भाषेत बोलावे आणि कोणाच्या वतीने बोलावे, हे प्रश्न कॅनडियन नाटकाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उपस्थित झाले. माँट्रिऑलच्या कामगारवस्तीतील स्त्रिया, न्यू फाउंडलंडमधून शहरात आलेली कुटुंबे, आशिया-आफ्रिकेतून आलेले स्थलांतरित आणि ह्या भूमीचे मूलनिवासी ह्या सर्वांना रंगमंचावरील आपली जागा मिळवावी लागली. ह्या नाटकाची वाटचाल प्रामुख्याने त्या प्रयत्नांची वाटचाल होय.

पूर्वपीठिका : उत्तर अमेरिकेतील फ्रेंच वसाहतीमधील पहिला ज्ञात नाट्यप्रयोग १४ नोव्हेंबर १६०६ रोजी पोर-रोयाल (सध्याच्या नोव्हास्कोशा प्रांतात) येथे झाला. मोहिमेवरून परतणाऱ्या वसाहतप्रमुखाच्या स्वागतासाठी मार्क लेस्कार्बो ह्या वकिलाने रचलेले ल तेआत्र द नेप्त्यून हे छोटे पद्यनाट्य बंदराच्या पाण्यावर, होड्यांमधून सादर करण्यात आले. समुद्रदेव नेपच्यून व त्याचे सेवक ह्यांच्याबरोबर त्यात मूलनिवासींची चार पात्रे असून ती फ्रेंचांपुढे निष्ठा व्यक्त करतात. ही भूमी मिक्मॅक ह्या मूलनिवासी लोकांची होती. नाटकातील त्यांच्या भूमिका मात्र फ्रेंचांनी केल्या. पुढील इतिहासाच्या दृष्टीने हा तपशील लक्षणीय ठरतो.

वसाहतीच्या काळात नाटकाला चर्चचा विरोध सहन करावा लागला. १६९४ मध्ये क्वीबेक येथे गव्हर्नर फ्रोंतनाक हा मोल्येरच्या तार्त्यूफ ह्या नाटकाचा प्रयोग करविणार असल्याची वार्ता पसरताच बिशप सँ-व्हाल्ये ह्याने त्याचा निषेध केला आणि प्रयोग रद्द व्हावा म्हणून गव्हर्नरला शंभर पिस्तोल ही त्या काळातील मोठी रक्कम दिली. त्यानंतर फ्रेंच कॅनडात नाटकाची परंपरा दीर्घकाळ मूळ धरू शकली नाही. इंग्रजी भाषिक प्रदेशात एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्ग झाले आणि नगरोनगरी नाट्यगृहे बांधली गेली. परंतु ती ब्रिटिश आणि अमेरिकन फिरत्या नाटकमंडळ्यांसाठी होती. स्थानिक लेखकांची नाटके बहुधा पुस्तकांतच राहिली. चार्ल्स मेअर ह्याचे टेकम्से (१८८६) हे पद्यनाटक ह्या वाचनीय नाटकांचा ठळक नमुना आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हौशी रंगभूमीने ही उणीव काही अंशी भरून काढली. टोराँटो विद्यापीठातील हार्ट हाऊस थिएटर १९१९ मध्ये सुरू झाले. तेथे सादर झालेल्या ब्रदर्स इन आर्म्स (१९२१) ह्या एकांकिकेत मेरिल डेनिसन ह्याने उत्तरेकडील अरण्याविषयीच्या भाबड्या अद्‌भुतरम्य कल्पनांची थट्टा केली. गव्हर्नर जनरल लॉर्ड बेसबरो ह्याच्या पुढाकाराने १९३२ मध्ये डोमिनियन ड्रामा फेस्टिव्हल ही देशव्यापी हौशी नाट्यस्पर्धा स्थापन झाली. व्यावसायिक नाटककाराला पहिला खरा आधार मिळाला तो मात्र नभोवाणीचा. अँड्र्यू ॲलन ह्याच्या नेतृत्वाखाली १९४४ मध्ये कॅनडियन नभोवाणीवर सुरू झालेल्या ‘स्टेज’ ह्या नाट्यमालेने अनेक लेखकांना नियमित लेखनाची संधी दिली. ह्या काळातील महत्त्वाचा नाटककार रॉबर्टसन डेव्हिस हा होय. त्याच्या फॉर्च्यून, माय फो (१९४८) ह्या नाटकात यूरोपमधून आलेला एक निर्वासित बाहुलीकार कॅनडात आपली कला रुजवू पाहतो. कलावंताने ह्या देशात राहावे की देश सोडून जावे, हा त्यातील प्रश्न त्या पिढीच्या दृष्टीने केवळ तात्त्विक नव्हता.

फ्रेंच भाषेत ग्रात्याँ झेलिना ह्याचे ती-कॉक (१९४८) हे नाटक विलक्षण लोकप्रिय झाले. महायुद्धावरून परतलेला एक अनौरस सैनिक आणि त्याची भंगलेली कुटुंबाची आस हा त्याचा विषय. क्वीबेकच्या सामान्य माणसाला रंगमंचावर नायक म्हणून प्रथम पाहिले, ते ह्या नाटकात. १९५१ मध्ये माँट्रिऑल येथे तेआत्र द्यू नूव्हो माँद ही प्रतिष्ठित संस्था स्थापन झाली. तथापि तिचा भर आरंभी फ्रेंच अभिजात नाटकांवर राहिला.

संस्थात्मक पाया : व्हिन्सेंट मॅसी ह्याच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राजकीय आयोगाने १९५१ मध्ये कला व वाङ्‌मय ह्यांच्या स्थितीविषयी अहवाल सादर केला. संयुक्त संस्थानांच्या सांस्कृतिक प्रभावापासून कॅनडाला स्वतःचे अस्तित्व राखावयाचे असेल, तर शासनाने कलांना साहाय्य केले पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानुसार १९५७ मध्ये कॅनडा कौन्सिल ही अनुदान देणारी स्वायत्त संस्था अस्तित्वात आली. तत्पूर्वी १३ जुलै १९५३ रोजी आँटॅरिओ प्रांतातील स्ट्रॅटफर्ड ह्या लहान गावी, एका मोठ्या तंबूत, शेक्सपिअर महोत्सवाचा आरंभ झाला होता. टॉम पॅटरसन ह्या स्थानिक पत्रकाराची ती कल्पना. दिग्दर्शक इंग्लंडचा टायरोन गथ्री आणि रिचर्ड द थर्ड मधील प्रमुख नट ॲलेक गिनेस. तान्या मॉइसेइविच हिने योजलेला, तीन बाजूंनी प्रेक्षक असलेला तेथील रंगमंच पुढे इतर देशांतही अनुकरणीय मानला गेला. १९५८ मध्ये विनिपेग येथे मॅनिटोबा थिएटर सेंटर आणि त्याच्या धर्तीवर हॅलिफॅक्स, व्हँकूव्हर, एडमंटन इ. शहरांत प्रादेशिक नाट्यसंस्था उभ्या राहिल्या. १९६० मध्ये माँट्रिऑल येथे इंग्रजी व फ्रेंच अशा दोन्ही विभागांचे राष्ट्रीय नाट्यविद्यालय सुरू झाले.

दहा-बारा वर्षांत घडून आलेली ही प्रगती असाधारण होती. तथापि ह्या संस्थांच्या कार्यक्रमांत शेक्सपिअर, शॉ, चेकॉव्ह आणि लंडन-न्यूयॉर्क येथील यशस्वी नाटके ह्यांचेच प्राबल्य होते. राष्ट्रीय संस्कृतीच्या नावाने दिलेले अनुदान अशा रीतीने परकीय नाटकांच्या उत्तम प्रयोगांवर खर्च होत होते आणि देशी नाटककार दाराबाहेर होता.

रीटा जो आणि समकालीन : कॅनडियन राज्यसंघाच्या शताब्दी वर्षात, २३ नोव्हेंबर १९६७ रोजी, जॉर्ज रायगा (१९३२–८७) ह्याच्या द एक्स्टसी ऑफ रीटा जो ह्या नाटकाचा पहिला प्रयोग व्हँकूव्हर प्लेहाऊस ह्या संस्थेने केला. रायगा हा अल्बर्टातील युक्रेनियन शेतकरी कुटुंबात जन्मलेला. श्रमिकांचे जीवन त्याने जवळून अनुभवले होते. गाव सोडून शहरात आलेली मूलनिवासी तरुणी रीटा जो हिच्यावरील न्यायालयीन कारवाया हा ह्या नाटकाचा सांगाडा आहे. त्यात तिच्या बालपणाच्या आठवणी, वडिलांशी झालेले संवाद, प्रियकराचा शेवट आणि एका गायिकेची गीते मिसळून जातात. न्यायाधीश, पाद्री, शिक्षिका, समाजसेवक हे सर्व तिच्याशी बोलतात, पण तिचे कोणीही ऐकत नाही. शेवटी तिच्यावर बलात्कार होतो आणि तिची हत्या होते. शताब्दीच्या उत्सवात मग्न असलेल्या प्रेक्षकांना ह्या नाटकाने अस्वस्थ केले. रीटाच्या वडिलांची भूमिका व्हँकूव्हरजवळच्या एका मूलनिवासी जमातीचा माजी प्रमुख डॅन जॉर्ज ह्याने केली आणि ती संस्मरणीय ठरली. खुद्द रीटाची भूमिका मात्र फ्रान्सिस हायलंड ह्या श्वेतवर्णीय अभिनेत्रीने केली. १९६९ मध्ये ओटावा येथे नॅशनल आर्ट्‌स सेंटर ह्या राष्ट्रीय कलाकेंद्राचे उद्‌घाटन झाले, तेव्हाच्या महोत्सवातही हे नाटक सादर करण्यात आले.

त्याच वर्षी, १९६७ मध्ये, जॉन हर्बर्ट ह्याच्या फॉर्च्यून अँड मेन्स आइज ह्या नाटकाचा व्यावसायिक प्रयोग झाला, तो मात्र न्यूयॉर्क येथे. स्वतः तुरुंगवास भोगलेल्या ह्या लेखकाने सुधारगृहातील तरुण कैद्यांचे परस्परांवरील अत्याचार निर्भीडपणे रंगविले होते. कॅनडियन नाटकाला देशाबाहेर रंगमंच शोधावा लागावा, ही वस्तुस्थिती तत्कालीन नाट्यव्यवहारावर पुरेसा प्रकाश टाकते. रायगालाही पुढे ह्याचा प्रत्यय आला. १९७० च्या ऑक्टोबर महिन्यातील क्वीबेकच्या राजकीय अपहरणप्रकरणाशी साम्य असलेले त्याचे कॅप्टिव्ह्‌ज ऑफ द फेसलेस ड्रमर हे नाटक व्हँकूव्हर प्लेहाऊसने जाहीर करूनही रंगमंचावर आणले नाही.

क्वीबेक व झुआल बोली : फ्रेंच कॅनडाच्या नाट्येतिहासातील निर्णायक घटना म्हणजे २८ ऑगस्ट १९६८ रोजी माँट्रिऑलच्या तेआत्र द्यू रिदो व्हेर येथे झालेला मीशेल त्रांब्ले (१९४२–) ह्याच्या ले बेल-सर (मेहुण्या) ह्या नाटकाचा प्रयोग. दिग्दर्शक आंद्रे ब्रासार. लेखक माँट्रिऑलच्या पूर्वभागातील कामगारवस्तीत वाढलेला आणि काही काळ छापखान्यात लायनोटाइप यंत्रावर काम केलेला होता. नाटक त्याने १९६५ मध्ये लिहिले. डोमिनियन ड्रामा फेस्टिव्हलने ते नाकारले. ४ मार्च १९६८ रोजी नाटककारांच्या प्रायोगिक केंद्रात त्याचे जाहीर वाचन झाल्यानंतरच त्याकडे लक्ष वेधले गेले.

जेर्मेन लोझाँ ह्या गृहिणीला दुकानदारांच्या बक्षीसयोजनेतील दहा लाख तिकिटे मिळतात. ती वह्यांत चिकटविली, की घरासाठी नवे सामान फुकट मिळावयाचे असते. मदतीला बोलावलेल्या बहिणी, नणंदा व शेजारणी तिकिटे चिकटविता चिकटविता ती लांबवू लागतात. पंधरा स्त्रिया, एक स्वयंपाकघर आणि एक संध्याकाळ एवढ्या सामग्रीतून त्रांब्लेने धर्माचा जाच, अतृप्त संसार, दारिद्र्य व परस्परांविषयीचा मत्सर ह्यांचे हास्यकारक आणि त्याच वेळी भीषण चित्र उभे केले आहे. ग्रीक शोकात्मिकेतील वृंदाप्रमाणे ह्या स्त्रिया मधूनमधून एकस्वराने आपले गाऱ्हाणे मांडतात.

नाटकावर वादळ उठले ते भाषेमुळे. ही पात्रे माँट्रिऑलच्या कामगारांची झुआल बोली बोलतात. फ्रेंचमधील घोडा ह्या अर्थाच्या ‘शव्हाल’ ह्या शब्दाच्या स्थानिक उच्चारावरून ह्या बोलीला तिचे नाव मिळाले. इंग्रजी शब्दांची भेसळ, गाळलेले स्वर आणि शिव्या ह्यांनी भरलेली ही बोली शिक्षित वर्गाला लज्जास्पद वाटत असे. रंगमंचावर पॅरिसची प्रमाण फ्रेंचच शोभते, अशी त्यांची धारणा होती. त्रांब्लेच्या मते, ज्या लोकांविषयी लिहावयाचे त्यांच्याच भाषेत लिहिणे, एवढाच प्रामाणिक मार्ग होता. १९७२ मध्ये हे नाटक पॅरिसला नेण्यासाठी क्वीबेकच्या सांस्कृतिक खात्याने अनुदान नाकारले. १९७३ मध्ये ते पॅरिसला गेले व तेथे गौरविले गेले. पुढे त्याची अनेक भाषांतरे झाली. ग्लासगो येथे १९८९ मध्ये सादर झालेले द गिड सिस्टर्स हे स्कॉट्‌स बोलीतील रूपांतर विशेष गाजले. एका उपेक्षित बोलीतील नाटक दुसऱ्या उपेक्षित बोलीत सहज रुजले, ही घटना भाषांतराच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. आ त्वा, पूर तूझूर, ता मारी-लू (१९७१), ओझाना (१९७३) व आल्बेर्तीन, आं सँ ताँ (१९८४) ही त्रांब्लेची इतर महत्त्वाची नाटके. शेवटच्या नाटकात एकाच स्त्रीची तिच्या आयुष्यातील पाच टप्प्यांवरची रूपे एकाच वेळी रंगमंचावर येतात आणि एकमेकींशी बोलतात.

झुआलने मिळविलेल्या मोकळिकीचा लाभ स्त्रीवादी नाटकालाही झाला. देनीझ बूशे हिच्या ले फे आँ स्वाफ (१९७८) ह्या नाटकात कुमारी मेरीचा पुतळा, गृहिणी आणि वेश्या ह्या तीन प्रतिमा आपापली बंधने झुगारतात. स्थानिक कलामंडळाने त्याचे अनुदान नाकारले, धार्मिक गट न्यायालयात गेले आणि संहितेच्या वितरणावर काही काळ बंदी आली. तार्त्यूफ प्रकरणानंतर जवळजवळ तीन शतकांनी घडलेल्या ह्या संघर्षात प्रयोग मात्र थांबला नाही.

टोराँटोमधील पर्यायी रंगभूमी : इंग्रजी कॅनडात नव्या नाटकाचे केंद्र टोराँटो हे होते. तेथे थिएटर पास म्युराय (१९६८), फॅक्टरी थिएटर लॅब (१९७०) व टॅरॅगन थिएटर (१९७१) ह्या छोट्या संस्था जुन्या कारखान्यांच्या किंवा तत्सम पडीक जागांत सुरू झाल्या. केन गॅस ह्याने फॅक्टरी थिएटर लॅबसाठी फक्त कॅनडियन नाटकेच करण्याचा नियम घातला. बेकारी कमी करण्यासाठी केंद्र सरकारने १९७१ च्या सुमारास सुरू केलेल्या स्थानिक रोजगार योजनेचे पैसेही ह्या संस्थांना उपयोगी पडले. अनेक नटांचे पहिले वेतन त्यातून निघाले. १९७१ मध्येच नाटककारांच्या एका परिषदेने, अनुदान घेणाऱ्या नाट्यसंस्थांच्या नाटकांपैकी किमान निम्मी कॅनडियन असावीत, अशी मागणी केली. ती नियम म्हणून मान्य झाली नाही. पण ह्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे त्यानंतर नाट्यसंस्थांना कठीण झाले.

ह्या चळवळीतील पहिले लक्षणीय नाटक डेव्हिड फ्रीमन ह्याचे क्रीप्स (१९७१) हे होय. जन्मतः मस्तिष्कघाताने पीडित असलेल्या ह्या लेखकाने, अपंगांच्या कर्मशाळेतील प्रसाधनगृहात जमून आपल्यावरील दयेचा तिरस्कार करणारे कामगार दाखविले. डेव्हिड फ्रेंच (१९३९–२०१०) ह्याच्या लीव्हिंग होम (१९७२) मध्ये न्यू फाउंडलंडहून टोराँटोला आलेले मर्सर कुटुंब आहे. १९४९ पर्यंत कॅनडाबाहेर असलेल्या त्या बेटावरची बोली, बापाचा ताठा आणि घर सोडणारा मुलगा ह्यांच्या संघर्षात स्थलांतराची किंमत दिसून येते. ऑफ द फील्ड्‌स, लेटली (१९७३) व सॉल्ट-वॉटर मून (१९८४) ही ह्याच कुटुंबाविषयीची आणखी दोन नाटके. पास म्युराय संस्थेच्या पॉल टॉमसन ह्याने सामूहिक निर्मितीची पद्धत रूढ केली. १९७२ च्या उन्हाळ्यात तो व त्याचे नट आँटॅरिओतील क्लिंटन ह्या गावाच्या परिसरात जाऊन राहिले. शेतकऱ्यांच्या कामात सहभागी होऊन, त्यांचे बोलणे व हालचाली टिपून त्यांनी द फार्म शो हे नाटक रचले आणि ते प्रथम धान्याच्या कोठारात, त्याच शेतकऱ्यांसमोर सादर केले. लिखित संहितेशिवाय सुरू होणारी ही पद्धत पुढे देशभर अनुसरली गेली.

इतिहासाचे पुनर्लेखन : स्वतःच्या इतिहासाची फेरतपासणी हे सत्तरीच्या दशकातील नाटकाचे दुसरे अंग होय. कवी जेम्स रीनी (१९२६–२००८) ह्याची स्टिक्स अँड स्टोन्स (१९७३), द सेंट निकोलस हॉटेल (१९७४) आणि हँडकफ्स (१९७५) ही नाट्यत्रयी डोनेली ह्या आयरिश कुटुंबावर आधारलेली आहे. ४ फेब्रुवारी १८८० रोजी आँटॅरिओतील एका खेड्यात ह्या कुटुंबातील पाच जणांची जमावाने हत्या केली. त्याबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. मुलांचे खेळ, प्रार्थना, लोकगीते व न्यायालयीन कागदपत्रे ह्यांतून रीनीने त्या कुटुंबावरील लोकापवादाचा निरास केला.

शॅरन पॉलक (१९३६–२०२१) हिने वॉल्श (१९७३) मध्ये, संयुक्त संस्थानांच्या सैन्यापासून कॅनडात आश्रय घेणारा मूलनिवासी नेता सिटिंग बुल व त्याच्याशी मैत्री असूनही त्याची उपासमार करण्याचे आदेश पाळणारा पोलीस अधिकारी ह्यांची कथा सांगितली. तिचे द कोमागाटा मारू इन्सिडेंट (१९७६) हे नाटक भारतीय इतिहासाशी निगडित आहे. १९१४ मध्ये बाबा गुरदित सिंग ह्यांनी भाड्याने घेतलेल्या कोमागाटा मारू ह्या जपानी जहाजातून ३७६ भारतीय प्रवासी, बहुसंख्य पंजाबी शीख, व्हँकूव्हर येथे पोहोचले. तेही ब्रिटिश साम्राज्याचेच प्रजाजन होते; तरी काही थोडे वगळता इतरांना उतरू दिले गेले नाही. दोन महिने बंदरात अडकून पडल्यावर जहाज परत पाठविण्यात आले आणि बंगालमधील बजबज येथे झालेल्या गोळीबारात त्यांपैकी काही प्रवासी मारले गेले. पॉलकने हॉपकिन्सन ह्या आगमन-निरीक्षकाला मध्यवर्ती स्थान देऊन, स्वतःच्या भारतीय रक्तसंबंधाची लाज बाळगणारा माणूसच वर्णद्वेषी व्यवस्थेचे हत्यार कसा होतो, हे दाखविले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी लोकसभेत ह्या घटनेबद्दल क्षमायाचना केली ती २०१६ मध्ये, म्हणजे ह्या नाटकानंतर चाळीस वर्षांनी. गव्हर्नर जनरल पुरस्कारात नाटकासाठी स्वतंत्र विभाग १९८१ मध्ये सुरू झाला आणि इंग्रजीतील पहिला पुरस्कार पॉलकच्या ब्लड रिलेशन्स ह्या नाटकाला मिळाला.

ऐंशीच्या दशकापासून : जॉर्ज एफ्‌. वॉकर (१९४७–) ह्याने झॅस्ट्रोझी (१९७७) पासून सबर्बन मोटेल (१९९७) ह्या नाट्यमालेपर्यंत चित्रपट, रहस्यकथा आणि नागरी दारिद्र्य ह्यांचे उपरोधपूर्ण मिश्रण साधले. ज्युडिथ टॉमसन (१९५४–) हिच्या द क्रॅकवॉकर (१९८०) मध्ये समाजाच्या तळाशी असलेल्या माणसांचे अर्धवट, अडखळते बोलणे काव्याच्या पातळीला पोहोचते. क्वीबेकमध्ये १९८० च्या सार्वमतात स्वायत्ततेचा प्रस्ताव फेटाळला गेला. त्यानंतर नाटकातील राष्ट्रवादी आवेश ओसरला आणि दृश्यप्रधान व अंतर्मुख प्रयोगांना बहर आला. रॉबेर लपाज (१९५७–) ह्याच्या ला त्रिलोजी दे द्रागाँ (१९८५) मध्ये तीन शहरांतील चिनी वस्त्यांतून फ्रेंच, इंग्रजी व चिनी भाषा एकत्र नांदतात. मीशेल मार्क बूशार ह्याचे ले फल्युएत (१९८७) हे नाटकही आंतरराष्ट्रीय कीर्तीचे ठरले. लेबाननमधील यादवीमुळे देश सोडलेल्या व फ्रान्समार्गे माँट्रिऑलला आलेल्या कुटुंबातील वाझदी मुआवाद (१९६८–) ह्याच्या अँसांदी (२००३) मध्ये जुळी भावंडे मृत आईच्या मौनाचा उलगडा करण्यासाठी तिच्या युद्धग्रस्त देशात जातात. ह्या नाटकावर २०१० मध्ये चित्रपट निघाला. क्वीबेकच्या नाटकाचे ‘घर’ आता क्वीबेकच्या बाहेरही असू शकते, हे मुआवादने प्रस्थापित केले.

स्थलांतरितांचे नाटक : इंग्रजी रंगभूमीवरही असेच परिवर्तन झाले. जॅनेट सिअर्झ हिने हार्लेम ड्युएट (१९९७) मध्ये शेक्सपिअरच्या ऑथेल्लोची कृष्णवर्णीय प्रथमपत्नी कल्पून, त्याने गोऱ्या स्त्रीसाठी केलेला तिचा त्याग रंगविला. शेक्सपिअरच्या नावाने स्थापन झालेल्या स्ट्रॅटफर्ड महोत्सवात २००६ मध्ये हे नाटक सादर झाले. कोरियन दुकानदार कुटुंबावरील इन्स चॉय ह्याचे किम्स कन्व्हीनियन्स प्रथम २०११ मध्ये टोराँटोच्या फ्रिंज महोत्सवात आले व पुढे त्यावर दूरचित्रवाणी मालिका (२०१६–२१) झाली.

भारतीय वंशाच्या नाटककारांचा सहभागही उल्लेखनीय आहे. राहुल वर्मा हे माँट्रिऑल येथे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या ‘तीसरी दुनिया’ ह्या संस्थेचे एक संस्थापक. भोपाळच्या वायुदुर्घटनेवरील त्यांच्या भोपाळ (२००१) ह्या इंग्रजी नाटकाचा जहरीली हवा हा हिंदी प्रयोग हबीब तनवीर ह्यांनी भारतात केला. मुंबईत जन्मलेले व १९९८ मध्ये व्हँकूव्हरला गेलेले अनोश इराणी ह्यांच्या द मटका किंग (२००३) आणि बॉम्बे ब्लॅक (२००६) ह्या नाटकांची पार्श्वभूमी मुंबईची आहे. जुगाराचे अड्डे, वेश्यावस्ती व समुद्रकाठची घरे ह्यांतील ही पात्रे कॅनडाचा उल्लेखही न करता कॅनडियन नाटकाचा भाग झाली, हे त्या नाटकाच्या बदललेल्या व्याख्येचे द्योतक होय.

मूलनिवासींची रंगभूमी : १६०६ च्या पद्यनाट्यापासून रीटा जो पर्यंत मूलनिवासी माणूस हा इतरांच्या नाटकांचा विषय राहिला. ह्यामागे शासकीय धोरणही होते. चर्चने चालविलेल्या निवासी शाळांत दीड लाखाहून अधिक मुले घरापासून दूर ठेवण्यात आली आणि त्यांना मातृभाषा बोलण्यास मनाई करण्यात आली. अशाच एका शाळेत शिकलेला क्री भाषिक टॉमसन हायवे (१९५१–) हा मूलनिवासी रंगभूमीचा प्रमुख नाटककार होय. १९८२ मध्ये टोराँटो येथे स्थापन झालेल्या ‘नेटिव्ह अर्थ परफॉर्मिंग आर्ट्‌स’ ह्या संस्थेच्या सहभागाने त्याचे द रेझ सिस्टर्स हे नाटक नोव्हेंबर १९८६ मध्ये सादर झाले. मॅनिटूलिन बेटावरील एका कल्पित वसाहतीतील सात स्त्रिया जगातील सर्वांत मोठ्या बिंगो खेळासाठी टोराँटोला जाण्याचे ठरवितात. त्यासाठी त्या पैसे जमवितात, भांडतात, हसतात आणि एकीचा मृत्यू पाहतात. त्यांच्यामध्ये वावरतो नॅनबूश, मूलनिवासी पुराणकथांतील बहुरूपी आणि खट्याळ देव. ह्या नाटकाची प्रेरणा हायवेला त्रांब्लेच्या ले बेल-सर पासून मिळाली. माँट्रिऑलच्या स्वयंपाकघरातील तिकिटांची जागा येथे बिंगोने घेतली आणि झुआलची जागा क्री व ओजिब्वे शब्दांनी. ड्राय लिप्स ऑटा मूव्ह टू कापुस्केसिंग (१९८९) ह्या पुढील नाटकात सात पुरुष असून नॅनबूश स्त्रीरूपात येतो. क्री भाषेच्या व्याकरणात स्त्री-पुरुष असा भेद नाही, ह्याकडे हायवेने लक्ष वेधले आहे. डॅनियल डेव्हिड मोझेस, ड्रू हेडन टेलर, मरी क्लेमंट्‌स व केव्हिन लोरिंग हे ह्या परंपरेतील इतर महत्त्वाचे नाटककार.

कोणाच्या वतीने कोणी बोलावे, हा प्रश्न ह्यानंतरही मिटला नाही. भूमिका केवळ मूलनिवासी नटांनीच केल्या पाहिजेत असा आग्रह धरल्यास आपल्या नाटकांचे प्रयोगच होणार नाहीत, अशी खंत खुद्द हायवेने व्यक्त केली आहे. उलट २०१८ मध्ये, लपाज हा पॅरिसच्या तेआत्र द्यू सोलेय ह्या संस्थेबरोबर मूलनिवासींच्या इतिहासावर कानाता हे नाटक करीत असता, त्यात एकही मूलनिवासी कलावंत नसल्याबद्दल मूलनिवासी कलावंतांनी व विचारवंतांनी वृत्तपत्रातून अनावृत पत्र लिहून आक्षेप घेतला. उत्तर अमेरिकेतील काही सहनिर्माते बाजूला झाले आणि प्रयोग रद्द झाला; नंतर तो बदललेल्या स्वरूपात पॅरिसमध्ये झाला. नटाने आपल्याहून वेगळ्या माणसाची भूमिका करणे हा नाट्यकलेचा गाभा आहे, हे लपाजच्या बाजूचे म्हणणे. ज्यांना शतकानुशतके बोलू दिले गेले नाही, त्यांना वगळून त्यांची कथा सांगणे हा त्या अन्यायाचाच पुढचा भाग होय, हे आक्षेपकांचे म्हणणे. ह्या दोन भूमिकांतील तणाव निव्वळ कलाविचाराने सुटणारा नाही.

२०१९ मध्ये ओटावाच्या राष्ट्रीय कलाकेंद्रात इंग्रजी व फ्रेंच विभागांच्या बरोबरीने मूलनिवासी रंगभूमीचा स्वतंत्र विभाग कार्यरत झाला. केव्हिन लोरिंग हा त्याचा पहिला कलासंचालक. विभागाच्या पहिल्या हंगामाचा आरंभ मरी क्लेमंट्‌स हिच्या द अननॅचरल अँड ॲक्सिडेंटल विमेन (२०००) ह्या नाटकाने झाला. व्हँकूव्हरच्या दरिद्री वस्तीत मारल्या गेलेल्या आणि ज्यांच्या मृत्यूंची दखल घेण्यात आली नाही, अशा मूलनिवासी स्त्रियांविषयीचे ते नाटक आहे. पन्नास वर्षांपूर्वी ह्याच केंद्राच्या उद्‌घाटनप्रसंगी रीटा जो सादर झाले होते. शहर तेच आणि स्त्रियांचे प्राक्तनही तेच. परंतु १९६९ मध्ये त्यांच्या वतीने इतरांनी बोलावे लागले होते, २०१९ मध्ये त्या स्वतः बोलत होत्या. आधुनिक कॅनडियन नाटकाने अर्धशतकात जे साध्य केले, ते ह्या फरकात दिसून येते. रंगमंचावर त्यांची कैफियत ऐकली गेली. रंगमंचाबाहेर ती ऐकली जाणे, हे त्या नाटकाच्या कक्षेबाहेरचे कार्य होय.